गुपित देशाचं की खुर्चीचं? हा प्रश्न वर्गात शिकवायलाच हवा



'राष्ट्रीय सुरक्षा महत्त्वाची की पारदर्शकता?' अशा धाटणीचे विषय वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धेत बऱ्याचदा येतात. मुलं छान पाठ करून येतात. एक गट म्हणतो, सरकारी गुपित फोडणारा तो देशद्रोही. दुसरा गट म्हणतो, जनता मालक आहे, मालकापासून कसलं गुपित? दोन्हीकडे टाळ्या पडतात, प्रमाणपत्रं मिळतात आणि विषय संपतो. पण मला ही भाषणं ऐकताना नेहमी वाटतं, की आपण मुलांच्या हातात प्रश्नच अर्धा दिलाय. खरा प्रश्न 'सुरक्षा की पारदर्शकता' असा नाही. समोरच्या कागदावर 'गोपनीय' असा शिक्का आहे, तो शिक्का देशाला वाचवतोय की शिक्का मारणाऱ्याला, हे ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

हा लेख त्या ओळखण्याबद्दल आहे. आणि आम्ही पारनेर तालुक्यातले शिक्षक असल्यामुळे उदाहरण शोधायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही.

सैनिकानेच मागितलेला हिशोब

राळेगणसिद्धी आमच्या तालुक्यातलं गाव. तिथले अण्णा हजारे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याबद्दल, विशेषतः २०११ नंतरच्या आंदोलनांबद्दल, वाचकांची मतं वेगवेगळी असतील. तो वाद आज बाजूला ठेवू. मला त्यांच्या आयुष्यातल्या दोनच गोष्टी मुलांसमोर शेजारी-शेजारी ठेवायला आवडतात.

पहिली गोष्ट. हा माणूस भारतीय सैन्यात होता. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या खेमकरण भागात लष्करी गाडी चालवताना त्यांनी मरण जवळून पाहिलं. शत्रूला आपली जागा कळली तर काय होतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट. त्याच माणसाने पुढे सरकारला म्हटलं, कागद दाखवा. महाराष्ट्रात २००० साली माहितीच्या अधिकाराचा एक कायदा झाला होता, पण तो इतका लेचापेचा होता की मागणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नसे. चांगला कायदा व्हावा म्हणून आंदोलनं झाली. सप्टेंबर २००२ मध्ये अध्यादेश निघाला. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं आणि त्याच महिन्यात राज्याच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तिकडे राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांचे हजेरीपट, म्हणजे मस्टर, गावासमोर वाचून दाखवायला १९९४ पासून सुरुवात केली होती. या सगळ्या रेट्यातून देशाचा माहितीचा अधिकार अधिनियम आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

आता मुलांना विचारा. ज्याने सीमेवर गोळ्या झेलल्या, तोच माणूस सरकारी कागद उघडे करा म्हणतो, यात विसंगती आहे का? मला तरी दिसत नाही. चौकीचा ठावठिकाणा लपवायचा असतो. चौकीसाठी घेतलेल्या बुटांचं बिल कशासाठी लपवायचं?

शिक्का आला कुठून?

आपल्याकडे सरकारी गुपित फोडण्याबद्दलचा कायदा स्वतंत्र भारताने केलेला नाही, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. कलकत्त्याच्या 'अमृत बाझार पत्रिका' या वृत्तपत्राने काश्मीरबाबत इंग्रज सरकारचा एक गुप्त कागद छापला, सरकार चिडलं आणि १८८९ मध्ये पहिला कायदा आला. लॉर्ड कर्झनच्या काळात तो आणखी कडक करायचं ठरलं. तोवर कायद्याचा मुख्य रोख सैन्य आणि आरमार यांच्या माहितीवर होता. आता साध्या मुलकी कारभाराची माहितीही त्याच पंगतीला बसवायचा घाट होता.

त्याला विरोध करायला वरिष्ठ कायदेमंडळात कोण उभं राहिलं? गोपाळ कृष्ण गोखले. डिसेंबर १९०३ मध्ये आणि पुन्हा मार्च १९०४ मध्ये ते या विधेयकाविरुद्ध बोलले. फर्ग्युसन महाविद्यालयात आयुष्याची उमेदीची वर्षं शिकवण्यात घालवलेला आपल्यासारखाच एक मास्तर! त्यांचा मुद्दा आजही तितकाच सरळ आहे. किल्ल्याचा नकाशा आणि कचेरीतली मुलकी फाईल यांना एकाच मापाने मोजू नका. कारण तसं केलं की अधिकाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणारा वार्ताहर आणि शत्रूचा हेर, दोघंही कायद्यासमोर सारखेच ठरतात. अर्थात बहुमत सरकारचंच होतं, विधेयक मंजूर झालं.

पुढे १९२३ मध्ये शासकीय गुपिते अधिनियम आला. तोच आजही लागू आहे. शंभर वर्षं उलटून गेली. या कायद्यात हेरगिरीसाठी कलम ३ आहे, संरक्षणविषयक बाबतीत त्यात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ते असायलाच हवं. पण कलम ५ बघा. सरकारी माहिती अधिकाराबाहेर कुणाला दिली, किंवा अशी माहिती स्वतःजवळ ठेवली, तरी गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि गंमत अशी, की 'गुपित' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या या कायद्यात नाही! आपण मुलांना पारिभाषिक शब्दाची व्याख्या लिहिल्याशिवाय गुण देत नाही. इथे तुरुंगात पाठवणाऱ्या कायद्याला व्याख्येची गरज वाटलेली नाही.

वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात शिफारस केली होती, की हा कायदा रद्द करा आणि हेरगिरीविरुद्धच्या आवश्यक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला. शिफारस कागदावरच राहिली.

तराजू कायद्यातच आहे

काही जणांना वाटतं माहितीचा अधिकार म्हणजे सगळंच खुलं. तसं अजिबात नाही. हा कायदा करणाऱ्यांनी सुरक्षेचा विचार आपल्यापेक्षा जास्त केलेला आहे. वर्गात सांगता येईल अशा सोप्या भाषेत त्याची रचना सांगते.

कलम ८(१)(क) म्हणतं, देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध यांना बाधा येईल अशी माहिती द्यायची गरज नाही. कलम २४ गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांना बाहेर ठेवतं, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन या दोन बाबी मात्र त्यातून वगळतं. कलम १० म्हणतं, एखाद्या कागदातला थोडाच भाग गोपनीय असेल तर तेवढा झाका आणि बाकीचा द्या. कलम २२ म्हणतं, १९२३ च्या गुपिते कायद्यात काही वेगळं असलं तरी हा कायदा वरचढ. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम ८(२). माहिती दिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा लोकहित मोठं असेल, तर गुपिते कायदा असला तरी ती माहिती देता येते.

म्हणजे कायद्याने अधिकाऱ्याच्या हातात तराजू दिलाय. एका पारड्यात हानी, दुसऱ्यात लोकहित. आमची तक्रार एवढीच, की पुष्कळ कार्यालयांत हा तराजू बाहेर काढलाच जात नाही. 'माहिती देता येत नाही' हे छापील वाक्य काढलं जातं.

२००६ मध्ये हाच तराजू मोडायचा प्रयत्न झाला होता. फायलीवरच्या टिपण्या, म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने काय मत लिहिलं हे, कायद्याबाहेर काढण्याचा विचार केंद्र सरकारने केला. अण्णा ऑगस्टमध्ये आळंदीला उपोषणाला बसले, देशभरातून विरोध झाला आणि सरकारने पाऊल मागे घेतलं. टिपणीच काढली असती तर काय राहिलं असतं? उत्तर दिसतं, पण गणित कसं सोडवलं ते खोडलेलं. अशा वहीला आपण गुण देतो का?

तीन उदाहरणं, तीन वेगळी उत्तरं

नुसती कलमं सांगून मुलांना काही कळत नाही, मोठ्यांनाही नाही. म्हणून तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं आमच्या दाराशी आहे. नगर शहराजवळ सैन्याचं के. के. रेंज हे सराव क्षेत्र आहे. खारे कर्जुने या गावावरून त्याला हे नाव पडलं. रणगाड्यांचा गोळीबाराचा सराव तिथे चालतो. नगर, राहुरी आणि आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावांच्या जमिनींचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. २०२० मध्ये जमिनी जाणार अशी चर्चा पसरली, गावोगावी लोक धास्तावले आणि हा प्रश्न थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत न्यावा लागला. आता तराजू लावून बघा. तिथे कोणत्या रणगाड्याची कोणती चाचणी कधी होणार, हे गावाला कळायची गरज नाही आणि कुणी ते मागतही नाही. पण माझा गट नंबर त्यात आहे की नाही, विहीर खोदू की नको, मुलीच्या लग्नासाठी काढायचं कर्ज या जमिनीवर मिळेल की नाही, हे शेतकऱ्याला कळलंच पाहिजे. ज्या गावांतून घरटी पोरगं सैन्यात जातं, त्या गावाला सुरक्षेचा विरोधक म्हणायचं? अधिकृत माहिती वेळेवर मिळाली नाही की ती जागा अफवा घेते. आणि अफवेने सैन्य आणि गाव यांच्यात जे अंतर पडतं, ते कोणत्याच शत्रूला नाही म्हटलं तरी आवडेल.

दुसरं उदाहरण मुंबईचं. कुलाब्यातली ३१ मजली 'आदर्श' इमारत. सैन्यातले बडे अधिकारी, राजकारणी, सनदी अधिकारी आणि त्यांचे नातेवाईक अशी सदस्यांची यादी. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारातून कागद मिळवले, वर्तमानपत्रांनी पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. यातली एक गोष्ट सहसा विसरली जाते. एवढी उंच इमारत नौदलाच्या तळाजवळ उभी राहते, हे सुरक्षेला धोक्याचं आहे, असा आक्षेप खुद्द नौदलाने घेतला होता. म्हणजे इथे कागद दडपल्याने सुरक्षा धोक्यात होती आणि ते उघडे झाल्याने सुरक्षेचीच बाजू पुढे आली. पारदर्शकता वाढली की सुरक्षा कमी होते, हे समीकरण नेहमी खरं नसतं.

तिसरं उदाहरण जरा अवघड आहे. १९६२ च्या चीन युद्धात आपला पराभव का झाला, याची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. १९६३ मध्ये अहवाल आला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने म्हणतो ते हेच. त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निष्कर्षांचं निवेदन केलं, पण अहवाल मात्र गोपनीय ठेवला. तेव्हा, युद्धाच्या जखमा ओल्या असताना, मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. पण पुढे काय? २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही तो खुला करायला नकार दिला. आणि २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने अहवालाचा बराचसा भाग थेट इंटरनेटवर टाकला! म्हणजे जगाला वाचायला मिळतो, पण भारत सरकारच्या लेखी तो अजून गुपितच. साठ वर्षांनंतर ते गुपित कुणाचं रक्षण करतं? त्यातून शिकायचं ते आपल्याच तरुण अधिकाऱ्यांनी, आपल्याच अभ्यासकांनी. गुपिताला मुदत हवी. औषधाच्या पाकिटावर असते तशी.

खरं गुपित खरंच फुटतं तेव्हा

कुणाला वाटेल, मी एकच बाजू मांडतेय. तसं नाही. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने याच १९२३ च्या कायद्याखाली अटक केली. पाकिस्तानी हस्तकाला संवेदनशील माहिती पुरवल्याचा आरोप आहे. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण आरोपात जे म्हटलंय तशी कृती कुणीही केली, तर तिला 'जनतेचा माहितीचा हक्क' म्हणता येत नाही. जनतेला त्यातून काहीच मिळत नाही. मिळतं ते शत्रूला, आणि तेही गुपचूप.

इथे फरक अगदी स्पष्ट दिसतो. हेर अंधारात एकाला विकतो. चुकीच्या कारभाराचा कागद बाहेर आणणारा सगळ्यांसमोर मांडतो आणि बहुतेक वेळा त्याची किंमत स्वतः मोजतो.

सगळ्यांसमोर मांडणाऱ्यांचेही प्रकार आहेत. १९७१ मध्ये अमेरिकेत डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाबाबतचे गुप्त दस्तऐवज वर्तमानपत्रांना दिले. सरकार आपल्याच लोकांशी वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं, हे त्यातून दिसलं. पण शांततेच्या वाटाघाटींबद्दलचे खंड त्यांनी तेव्हा वर्तमानपत्रांना दिले नाहीत, कारण ते बाहेर आले तर वाटाघाटी बिघडतील असं त्यांना वाटलं. याउलट २०११ मध्ये विकिलीक्सकडची अमेरिकी राजनैतिक पत्रं काहीही न झाकता जगासमोर आली आणि त्यात खबर देणाऱ्या साध्या माणसांची नावंही उघडी पडली. पहिल्यात विवेक दिसतो. दुसऱ्यात तो हरवला. पोतं उपडं करणं म्हणजे जागल होत नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीसंदर्भातले कागद वर्तमानपत्रात छापून आले. ते चोरीचे आहेत, गुपिते कायद्याचा भंग आहे, न्यायालयाने ते बघूच नयेत, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयात म्हटलं. न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी हा आक्षेप फेटाळला आणि कागद विचारात घेतले. पुढे नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार याचिकाही फेटाळल्या. मुलांना या दोन्ही तारखा सांगायला हव्यात. कागद वाचला जाणं वेगळं आणि आरोप सिद्ध होणं वेगळं. पहिल्यासाठी भांडायचं, दुसऱ्यासाठी पुरावा बघायचा.

जागल्याचं काय झालं?

आपल्या जुन्या गावगाड्यात 'जागल्या' असायचा. रात्री गाव झोपला की हा जागा. चोर दिसला की ओरडायचा. आज कार्यालयातला गैरप्रकार उघड करणाऱ्यालाही मराठीत जागल्याच म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघा. पण जुन्या जागल्याच्या मागे गाव उभं असायचं. आजच्याच्या मागे कोण आहे?

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामात बिहारमध्ये चाललेली लूट त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट वेगवेगळ्या विभागांत फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने आणि न्यायालयाने तो लुटीच्या प्रकारातला खून मानला. ते मान्य करूनही माझा प्रश्न उरतोच. जी व्यवस्था बदलीच्या फायलीवरही 'गोपनीय' लिहिते, तिला जे एकच नाव गुप्त ठेवायचं होतं, तेवढं ठेवता आलं नाही.

आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उघड करत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यांनी कोणतंही गुपित फोडलं नव्हतं. दहा रुपयांचा अर्ज करून कायद्याने मिळणारे कागदच ते मागत होते.

जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला, मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. पण तो अजून लागू केलेला नाही. छापलेला कायदा, लागू न केलेला. १९२३ चा कायदा मात्र एक दिवसही सुट्टीवर गेला नाही. शिक्षा करणारा कायदा जागा आणि संरक्षण देणारा झोपलेला, अशा स्थितीत 'तोल' कसला म्हणायचा?

त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक लोकहित आहे का, हे त्याच कलमात बघावं लागे. आता तिथे नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. कलम ८(२) चा तराजू अजून आहे, पण नाही म्हणणाऱ्याचं काम सोपं झालं.

हे सगळं शाळेत कशाला?

आता आपल्या दाराकडे वळू. कारण दुसऱ्याच्या फायली उघडा म्हणणं सोपं आहे.

शिक्षकांच्या गटांत माहिती अधिकाराचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात, हे मला माहीत आहे. काही अर्जदार खरोखर त्रास देण्यासाठी दहा-दहा वर्षांची कागदपत्रं मागतात. दोन शिक्षकी शाळेत शिकवायचं कधी आणि झेरॉक्स काढायच्या कधी? ही अडचण खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण तिच्यावरचा उपाय कायद्यातच आहे आणि तो आपण वापरत नाही. कलम ४ म्हणतं, कुणी मागायच्या आधीच माहिती स्वतःहून जाहीर करा. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, किती शिल्लक. समग्र शिक्षाचं अनुदान किती मिळालं आणि कशावर खर्च झालं. शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव काय झाले. हे दर महिन्याला फलकावर लागलं तर मागायला उरतंच काय? खोडसाळ अर्जदाराची हवा जाते आणि प्रामाणिक पालकाचा विश्वास वाढतो.

गुप्ततेच्या आड काय वाढतं, हे आपल्या खात्याने पाहिलंय. शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रश्नपत्रिका गुप्त ठेवणं योग्यच. पण गुण देण्याची प्रक्रियाही कुणाला दिसत नव्हती, आणि नेमकं तिथेच पाणी मुरलं. रात्र-रात्र अभ्यास करून नापास झालेल्या डीएडवाल्या मुला-मुलींचं काय झालं असेल, ते तुम्ही-मी समजू शकतो.

मी पाचवीच्या वर्गात एक छोटा उपक्रम घेते. फळ्यावर दोन रकाने आखायचे, 'फलकावर लावायचं' आणि 'लावायचं नाही'. मुलांनी शाळेतल्या गोष्टी वाटून टाकायच्या. तांदळाचा हिशोब पहिल्या रकान्यात जातो, सगळ्यांचं एकमत. प्रश्नपत्रिकेवर भांडण होतं, मग एखादा म्हणतो, "बाई, पेपर झाल्यावर लावला तर चालंल की!" म्हणजे मुदतीची कल्पना मुलाला आपोआप सुचली. कुणाची जात, कुणाचा आधार क्रमांक, कुणाच्या घरचं भांडण हे दुसऱ्या रकान्यात जातं. एकदा सैनिकाची मुलगी म्हणाली, "पप्पा कोणत्या गावाला ड्युटीला आहेत ते नाही लावायचं, पण पप्पांना स्वेटर मिळाला का ते विचारायचं." मोठमोठ्या निकालपत्रांत जे लिहिलंय, ते दहा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात सांगितलं.

तुम्हीही हा उपक्रम घ्या. आणि मुलं थोडी मोठी असतील, तर त्यांना कोणत्याही 'गोपनीय' कागदासाठी चार प्रश्न विचारायला शिकवा.

१. हे बाहेर गेलं तर नुकसान कुणाचं? सैनिकाचं, सामान्य माणसाचं, की चूक करणाऱ्याचं?
२. हे किती दिवस झाकून ठेवायला हवं? मुदत कुणी ठरवली?
३. सगळंच झाकायला हवं, की दोन ओळी झाकून बाकीचं देता येईल?
४. बाहेर सांगण्याआधी आत, कायद्याच्या वाटेने, सांगून पाहिलं का? आणि त्या वाटेवर सांगणारा सुरक्षित आहे का?

चौथ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आज 'नाही' असंच आहे, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. हेरगिरीची कडक शिक्षा ठेवा, पण १९२३ चा व्यापक कायदा काढून गुपिताची नेमकी व्याख्या असलेला नवा, लहान कायदा आणा. प्रत्येक गोपनीय शिक्क्याला मुदत घाला. आणि जागल्यांचा २०१४ चा कायदा आधी लागू करा. पुढचा दरवाजा उघडा ठेवला, तर मागच्या खिडकीतून कागद बाहेर टाकायची वेळ फार थोड्यांवर येईल.

हे दिल्लीत कधी होईल ते होवो. तोवर आपल्या शाळेचा फलक आपल्या हातात आहे. येत्या महिन्याचा पोषण आहाराचा हिशोब ठळक अक्षरात तिथे लिहा आणि पालकांना तो वाचायला बोलवा. पालकहो, तुम्हीही या, वाचा आणि न समजलेलं बिनधास्त विचारा. आपल्या शाळेत असा फलक आहे का, आणि त्यावर शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे, ते आजच जाऊन बघा.